ऊर्जाचं मीठ

झिंडेलफिंगेन (जर्मनी), १४ मार्च २०१६

ती. नागेशमामा,

सुधीरचा साष्टांग नमस्कार (घरमालकाने लाकडी जमीन नुकतीच पॉलिश केल्यामुळे मनातल्या मनात घातलेला). तुमचा गुडघा आणि मामींची दुपारची झोप, दोन्ही जागेवर असतील अशी आशा करतो.

आमच्या ऊर्जाला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे, हे तुम्ही जाणताच. त्यात फुप्फुसांचा त्रास असतोच, शिवाय घामावाटे शरीरातलं मीठ फार जातं. म्हणून सगळ्या जगाला मीठ कमी करायला सांगणारे डॉक्टर आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला ते जास्त खायला सांगतात. आता एवढं मीठ पोटात जाणार तर ते शुद्ध हवं, असं मला वाटलं (मी कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासतो, त्यामुळे आहारशास्त्र आपोआप येतं). दुकानातलं आयोडीनचं मीठ बंद केलं आणि तुम्ही आग्रहाने पाठवलेलं (हा शब्द कृपया लक्षात ठेवा) सैंधव दोन वर्षं वापरलं.

या हिवाळ्यात ऊर्जा शाळेतून आली की झोपायची. घरातसुद्धा दोन स्वेटर. सुरुची म्हणाली, "हिची मान सुजल्यासारखी दिसतेय." मी म्हटलं, मफलर आहे. ऊर्जा म्हणायची, "पापा, इश बिन म्यूडे," म्हणजे दमलेय. (मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्येच.) त्यावर मी तिला आळसाचे तोटे समजावून सांगत असे. चांगले अर्धा-अर्धा तास.

डिसेंबरच्या तपासणीत निघालं की आयोडीन फारच कमी आहे आणि थायरॉइड मंदावलाय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात मीठ कुठलं? मी अभिमानाने सांगितलं, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, खाणीतलं.

"आल्झो," त्या म्हणाल्या (म्हणजे 'तर मग'), "त्यात आयोडीन नसल्यातच जमा. इथल्या सगळ्या बेकऱ्यांच्या पावातही ते असतंच असं नाही. मुलगी इतकं मीठ खातेय आणि त्यात हवं तेच नाही."

परत येताना एस-बानमध्ये (इथली लोकल) मी ऊर्जाची माफी मागितली. ती "शोन गुट" म्हणाली, म्हणजे असू दे, आणि माझ्या खांद्यावर झोपली. मामा, मला उतरायच्या स्टेशनावर उठवेना तिला. दोन स्टेशनं पुढे गेलो.

भरपाई म्हणून मी वाळवलेलं समुद्रशेवाळ आणून त्याची आमटी केली. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, त्यात आयोडीन इतकं असू शकतं की थायरॉइड आणखी बिघडेल. "आयोडीनचं मीठ आणि मी दिलेली गोळी, बस्स. नवीन काही शोधून काढू नका."

गेल्या आठवड्यातला रिपोर्ट चांगला आला. सूज उतरलीय. जिना चढताना ऊर्जा पुढे होती आणि मी किती हळू चालतो ते जर्मनमध्ये ऐकवत होती.

मामींना नमस्कार.

आपला,
सुधीर

ता. क. सैंधव तुम्हीच हट्टाने पाठवता, असं मी सुरुचीला सांगितलंय. मीच तीनदा मागवलं आणि तुम्ही "अरे, पोरीला साधं मीठ दे" म्हणाला होतात, हे मला आठवतं. रविवारी तिचा फोन आला तर कृपा करून कबूल व्हा. तुम्ही सांगलीत आहात, मी याच घरात.

आणखी ता. क. मामा, सुरुचीचा नमस्कार. पाकीट टपालात टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं. तुम्ही महिन्यापूर्वीच मला सगळं सांगितलंत, हे यांना अजून माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका. ऊर्जाचं श्वासाच्या औषधाचं यंत्र हल्ली हे रोज न सांगता धुतात.