बोडीत फेकलेल्या गोळ्या

आंधळगाव

प्रिय निर्मलावहिनी,

पत्र पाहून दचकली असशील. फोन असताना कागद कशाला, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पहिल्या वाक्याला अडवतेस, दुसऱ्याला रडतेस आणि तिसऱ्याला फोन दादाच्या हातात देतेस. कागदाला असं मध्येच तोडता येत नाही. चष्मा लाव, बाजेवर नीट बस आणि शेवटपर्यंत वाच. तुझ्या कामाचं शेवटीच आहे.

कोंढ्याची खबरबात मला मिळत असते. तुझी रिंकू सातव्या महिन्यात भांडून माहेराहून निघून गेली, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं तर पोरीने नागपूरला सासर जवळ केलं, असं सांगत तू बायांपुढे डोळे पुसत फिरतेस म्हणे. भांडण कशावरून झालं ते मात्र तू कुणाला सांगत नाहीस. मी सांगते. तिच्या गोळ्यांवरून झालं. आतड्याच्या आतून जखमा होणं, पोट पिळवटून रक्त जाणं, हा माझा आजार तिलाही निघाला तेव्हा तू तोंड वाकडं करून म्हणाली होतीस, पोरगी आत्यावर गेली. गेलीच आहे. नाक माझं, आतडी माझी आणि हट्टही माझाच. तिच्या बारशाला तिच्या कानात नाव मीच सांगितलं होतं, तेव्हाच हे सगळं तिकडे गेलं असेल.

माझ्या वेळचं तुला आठवतं ना? न आठवायला काय झालं! आई नव्हती म्हणून माझं बाळंतपण तू करणार होतीस. सातव्यात मला आणलंस, अंबाडीची भाजी खाऊ घातलीस, केसांना तेल लावलंस, आणि तिसऱ्याच दिवशी माझ्या पिशवीतल्या गोळ्या काढून घरामागच्या बोडीत फेकल्यास. पाकिटं तळ्याच्या पाण्यावर तरंगत होती. एवढ्या गोळ्या खाऊन लेकराले जहर पाजून राहिली काय वो, असं तू मलाच विचारलंस. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्या बंद करू नका म्हणून बजावलं आहे, हे मी रडून सांगत होते. दादा तिथेच तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभा होता. जाऊ दे बाई, तुही वहिनी तुह्या भल्याचंच करते, एवढंच तो बोलला. ह्यांचा फोन आला की तूच घ्यायचीस आणि सगळं ठीक आहे म्हणायचीस. मग रक्त सुरू झालं, अंगात ताप भरला. भंडाऱ्याला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. माझा मुलगा वेळेआधी आला आणि संध्याकाळपर्यंतही थांबला नाही.

वहिनी, तू ते जाणूनबुजून केलंस असं मी कधीच म्हटलं नाही. तुला खरंच वाटत होतं की गोळ्या वाईट. पण त्यानंतर डॉक्टरांनी तुला माझ्या खाटेशी उभं करून सांगितलं, की गोळ्या बंद झाल्या म्हणून आजार उसळला आणि तो बाळाला भोवला. तू मान हलवलीस. आणि गावी जाऊन सांगितलंस की ज्योत्सनाच्या गोळ्यांनी तिचं लेकरू खाल्लं. मी खाटेवरून उठायच्या आत ही बातमी माझ्या सासरी पोचली होती. माझ्या सासूने मरेपर्यंत ती धरून ठेवली. मला पुन्हा दिवस राहिले नाहीत, तेही लोकांनी गोळ्यांच्याच माथी मारलं. रिंकूच्या हळदीला मी हात पुढे केला तेव्हा तू वाटी मागे ओढलीस. आत्याच्या हाताची हळद न लागता ती बोहल्यावर चढली. फेकलेल्या गोळ्या मी एक वेळ विसरले असते. ती वाटी मी विसरले नाही आणि विसरणारही नाही.

आता रिंकूचं. पोरगी शहाणी. लग्न होताच नवऱ्याला, सचिनला, घेऊन त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेली. सगळीच औषधं गरोदरपणात चालतात असं नाही, म्हणून एक गोळी त्यांनी दिवस राहण्याच्या आधीच बदलून दिली. बाकीची चालू ठेवायला सांगितली, आजार शांत असला तरच बाळ नीट वाढतं म्हणाल्या. सात महिने तिला काही त्रास नव्हता. मग तू तिला माहेरी आणलंस आणि गोळ्या कपाटात घालून किल्ली उशीखाली घेतलीस. डॉक्टरांचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलेली बाई असं का करेल? मी बरेच दिवस विचार केला. गोळ्या खाऊन रिंकूचं बाळ सुखरूप आलं असतं तर गावाने विचारलं असतं, मग ज्योत्सनाचं काय झालं होतं? तो प्रश्न येऊ नये म्हणून तू स्वतःच्या नातवंडावर उठलीस.

किल्ली तुझ्या उशीखालून दादाने काढली. पहाटेच्या गाडीने तिला घेऊन तोच माझ्या दारात आला. ती नागपूरला गेली, हे त्याने तुला सांगितलेलं खोटं आहे. माझ्या वेळी तो गप्प बसला, या वेळी तुझ्याजवळ गप्प बसला. त्याची ती सवय एकदा तरी माझ्या कामी आली. रिंकू गेले दोन महिने माझ्याकडेच आहे. रोज माझ्यासमोर गोळी घेते आणि तुझ्याहून बरी अंबाडी मी करते असं सांगते.

परवा भंडाऱ्याला तिला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, धडधाकट, भूक लागली की अंगण डोक्यावर घेणारी. काल दोघींना घरी आणलं. सचिन, त्याचे आईबाप आणि दादा, सगळ्यांना कळलं आहे, फक्त तुला नाही. माझी बातमी माझ्याआधी गावाला तू दिली होतीस, म्हणून तुझी बातमी तुला सगळ्यांत शेवटी आणि पोस्टाने मिळते आहे. बारसं बाराव्या दिवशी माझ्या अंगणात आहे. कोंढ्याच्या सगळ्या बायांना मी निरोप धाडला आहे. तूही ये. आलीस की पाळण्यापाशी उभं राहायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, की ज्योत्सनाचं लेकरू गोळ्यांनी गेलं नाही, मी गोळ्या फेकल्या म्हणून गेलं. तेवढं म्हटलंस की नात मी माझ्या हाताने तुझ्या मांडीवर देईन. नाही म्हटलंस तर पाळण्याला हात लावायचा नाही. आणि ही नणंदेची खोड आहे असं समजून दादाजवळ रडू नकोस. मी रिंकूला एवढंच विचारलं होतं, तुझ्या आईला बोलावू का. ही अट तिची आहे.

तुझीच नणंद,
ज्योत्सना