समासातलं प्रश्नचिन्ह

येरवडा, पुणे
४ मार्च २०००

चि. अभिनव यास आईचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पत्रिकेचा मजकूर पोचला. कॉम्प्युटरवरचं अक्षर सुबक आहे. तीनदा वाचला. तिसऱ्यांदा त्यांची लाल पेन्सिल घेऊन बसले.

'कैलासवासी' कुठून आणलास? आपल्या बौद्धांत कालकथित म्हणतात. 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो'; ते ईश्वरही मानत नव्हते आणि आत्माही. 'सदैव हसतमुख' वाचून तुझी बहीण दीपाली मात्र हसली. नारायण पेठेतल्या छापखान्यात त्यांनी तीस वर्षं मुद्रितं तपासली, घरी आलेल्या लग्नपत्रिकाही सोडल्या नाहीत. आणि त्यांच्याच पत्रिकेत हे?

नजरचुकीने झालं असेल तर तसं कळव. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी आई,
शालन


बंगळूर
११ मार्च

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

नजरचूक नाही. पत्रिका ऑफिसातल्या सगळ्या मराठी लोकांना ई-मेलने पाठवायची आहे. माझ्या आडनावावरून इथे कुणाला काही कळत नाही. कालकथित वाचलं की कळेल. आमचा प्रोजेक्ट लीडर जेवताना 'कोट्यातल्या' लोकांबद्दल काय बोलतो, ते तू ऐकलेलं नाहीस. मी मान खाली घालून जेवतो. बाबांना आता काय फरक पडतो? एका शब्दापायी माझं इथलं उठणंबसणं अवघड होईल.

रागावू नकोस, लोभ असू दे.

अभिनव


येरवडा
१८ मार्च

चि. अभिनव यास जयभीम. तुझ्या पत्रात तो नव्हता, तेही दिसलं.

वाचून किळस आली. आधी तुझी. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्या जेवणाच्या टेबलाची जास्त आली. तरी मजकूर तुझ्या हातचा आहे.

खात्री नसेल त्या शब्दाशेजारी बाबा समासात प्रश्नचिन्ह काढत. स्वतः शब्द बदलत नसत. 'लिहिणाऱ्याला विचारा,' म्हणत. म्हणून तुझ्या मजकुराला हात न लावता नवा मीच लिहिला: 'कालकथित सुखदेव. मुद्रितशोधक. कमी बोलत. चूक सोडत नसत.'

खाली माझं, दीपालीचं आणि तुझं नाव आहे. तुझ्या नावाशेजारी मी लाल प्रश्नचिन्ह काढलं आहे. कच्ची प्रत सोबत आहे. चिन्ह खोडायचं की नाव, ते तू ठरव. छापखाना महिनाअखेरपर्यंत थांबेल.

माया आहेच, तिला कुणाची तपासणी लागत नाही.

तुझी आई,
शालन