काळ्या कोकराचं चित्र

पुसेगाव, ३ डिसेंबर १९४१
आजही पेमा माझ्या हातची भाकर न खाता आत्याकडे पळाली. सहा वर्षांची पोर, पण हट्ट सासूचा! पाट लावून मी या घरात आले त्याला तीन महिने झाले, अजून मला कशानेच हाक मारत नाही. नणंद म्हणते, "वैनी, तिची माय जाऊन वरीस न्हाई झालं. दम धरा." धरते. सावत्र आई म्हटलं की गावाला गोष्ट आधीच पाठ असते. माझी चंद्री दीड वर्षाची असताना गेली, हे मात्र कुणी बोलत नाही.

७ डिसेंबर
दादा वाशीमहून आला. रंगीत चित्रांचं पुस्तक आणलंय. "चार यत्ता शिकलीस, आता लेकीला दाखव," म्हणाला. पेमा दारातूनच बघत होती. मी मुद्दाम बोलावलं नाही, एकटीच पानं उलटत बसले. सरकत सरकत येऊन माझ्या गुडघ्याला टेकली! मी श्वाससुद्धा जपून घेतला.

८ डिसेंबर
आज पुन्हा आली. जेवली मात्र आत्याकडेच.

१० डिसेंबर
आजच्या पानावर मेंढी, तिच्याजवळ एक पांढरं कोकरू, एक काळं. मला आयतीच संधी सापडली. सांगितलं — काळ्याची आई मेली, मग पांढऱ्याच्या आईने त्याला जवळ घेतलं, पाजलं.
"खोटं," पेमा म्हणाली. "मेंढी दुसरीचं लेकरू घेत न्हाई. वास घेते अन् ढुशी मारते."
माझा बाप कापसाच्या जिनात कामाला, मला मेंढरांतलं काय कळणार? विचारलं, मग काय करतात?
"जिचं कोकरू मेलं तिच्यापाशी न्यायचं. मेलेल्याचं कातडं ह्याच्या अंगावर बांधायचं. मंग तिला आपलंच वाटते. पाजते."
हे ओसरीवर घोंगडी झटकत होते. "बराबर हाय," म्हणाले.
मी थक्क झाले. एवढीशी पोर, आणि किती शांतपणे सांगत होती!
मग माझ्याकडे बघत विचारलं, "तुझं बी मेलं?"
हे तिच्यावर ओरडले. मी म्हटलं, "व्हय. चंद्री नाव होतं." ती पुस्तक मिटून उठून गेली. बरी जवळ येत होती, मीच नको ती गोष्ट काढली.

११ डिसेंबर
विहिरीवरून आले तर माझी पेटी उघडी. रागाने आत गेले. पेमा कोपऱ्यातून येऊन समोर उभी राहिली. डोक्यावर चंद्रीची कुंची — मी अजून धुतलेली नाही ती. कानापर्यंतही येत नव्हती, बंद पुरत नव्हते, म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवलेली. मान पुढे करून म्हणाली,
"घे वास."