बोटीतली बारावी जागा

चाकूर,
२४ मे २०२४

चि. रामलिंग यास कमलक्काचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

फोन लागला की तुझ्याकडची रेंज जाते, म्हणून पत्रच लिहिते. अव्वाची तब्येत बरी नाही. लातूरच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं, याचा अर्थ तुला कळेल. पेजेचे दोन घोट जातात, तेवढंच.

सव्वीस वर्षं झाली, तू त्या अंदमानच्या बेटावर बायकांची संस्था काढून त्यांना खोबरेल गाळायला नि काथ्या वळायला शिकवतोयस. कुणी विचारलं की अव्वा सांगते, माझा रामलिंग तिकडं अख्खं गाव उभं करून राहिला हाय, त्याला टाईम न्हाई. मी तिला चिडवायची, की तुझ्या लेकाला समुद्रापलीकडचं गाव सापडलं, चाकूर काही सापडेना. तेव्हा ती हसायची. आता रोज एकच विचारते, रामलिंग कधी येणार. तीन दिवस तरी ये. संस्था तेवढ्यात बुडत नाही.

तुझी वाट बघणारी,
कमल


बेटावरून,
१८ जून २०२४

ती. कमलक्कास शि. सा. न. वि. वि.

आठ तारखेला, मी बोटीतून उतरलो एवढंच फोनवर ऐकून तू रडलीस आणि फोन तुटला. राहिलेलं सांगतो.

तुझं पत्र सहा तारखेला मिळालं. आठ तारखेच्या बोटीत मला बारावी, शेवटची जागा मिळाली. बोट आमच्या संस्थेचीच. पिशवी घेऊन बसलोही होतो. तेवढ्यात तेलघाण्यावर काम करणाऱ्या एका मुलीला खाटेवर घालून आणलं. आठवा महिना, रक्त जात होतं. धक्क्यावरच्या फळ्यावर नियम लिहिलेला आहे, आजारी माणूस आलं तर ज्यानं शेवटी जागा घेतली त्यानं उतरायचं. पूर्वी एक बाळंतीण बोटीअभावी गेली, तेव्हा मीच तो लिहिला.

अक्का, खोटं कशाला सांगू, बाकीचे अकराही जण उठले होते. एका म्हाताऱ्या कोळ्यानं माझा दंड धरून सांगितलं की साहेब, तुम्ही बसा, मी उतरतो. मीच ऐकलं नाही. इतकी वर्षं लोकांना उतरवलं, आज आपण कसं बसून राहायचं, असं वाटलं. त्यात थोडा ताठाही होता. संध्याकाळी समुद्र खवळला आणि सहा दिवस बोट बंद राहिली. दुसऱ्याच दिवशी अव्वा गेली.

ती मुलगी वाचली, तिला लेक झाली. लोक माझ्या पाया पडतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आता कोणत्या तोंडानं येऊ, ते तूच सांग.

तुझा अपराधी,
रामलिंग


चाकूर,
३ जुलै २०२४

चि. रामलिंग यास आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं.

बोटीत जागा मिळाल्याचा तुझा फोन आला होता, म्हणून तू निघालास, असं मी आठ तारखेला सकाळीच अव्वाला सांगून टाकलं होतं. तिनं माझ्याकडून केस विंचरून घेतले, धुतलेलं लुगडं नेसली, खाट दाराच्या समोर ओढायला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशीच बघत होती. तू बोटीतून उतरलास हे तिला सांगायचा मला धीर झाला नाही.

त्या पोरीचा जीव वाचला, चांगलं झालं. तिच्या लेकीला माझा आशीर्वाद सांग. तुझ्या नियमालाही मी नावं ठेवत नाही. पण तो म्हातारा उठला होता ना रे. तू दिलीस ती जागा तुझी नव्हती, अव्वाची होती. गावं उभी केलीस आणि एवढं कळलं नाही. मला राग आलाय आणि तो लवकर जायचा नाही.

अव्वाला आपल्या लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे विभूती लावून, बसवून शेतात पुरलं. सगळ्यांनी मूठ मूठ माती दिली. मुलाची मूठ कोण देणार, असं स्वामींनी विचारलं. तुझा दोस्त व्यंकटी पुढं झाला, तर मी त्याचा हात धरला. म्हटलं, त्याची त्यानंच येऊन द्यायची.

तेव्हा ये. एसटीतून उतरलास की घरी जाऊ नकोस, सरळ शेतात ये. सकाळची मी तिथंच असते.

राग आहे तसा लोभही आहे, हे जाणून असावे.

कमल