दोन साक्षीदारांसाठी सोडलेली जागा

मी, ज्ञानदा जयवंत केनी, वय वर्षे ३१, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा, व्यवसाय मोबाइल स्टार्टर बनवणे व दुरुस्त करणे, राहणार आचोळे, नालासोपारा पूर्व, पूर्ण शुद्धीवर हे लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ कोणी राहत नाही.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. विहिरीतल्या पंपाचा फुटवॉल, म्हणजे तळाची झडप, गळायला लागला की मोटर चालते, पण पाणी चढत नाही. माझे तेच झाले आहे. डॉक्टरांच्या मते धोका कमी आहे. कमी म्हणजे शून्य नाही, म्हणून हे मृत्युपत्र. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझ्या नावावरची आचोळे येथील एका खोलीची सदनिका माझा थोरला भाऊ कल्पेश याला द्यावी. घरातील वस्तू: कुकर एक, ताटल्या दोन, कप एक, टेबलपंखा एक. वडिलांचे घड्याळही त्यालाच. ते बंद आहे. त्याने दुरुस्त करून घ्यावे, मी मुद्दाम केलेले नाही.

२. माझा फोन, त्यातील क्रमांक आणि ‘विहीर आणि मोटर’ हा मी चालवत असलेला व्हॉट्सॲप ग्रुप यांपैकी काहीही कल्पेशकडे जाऊ नये. कारण लिहिणे आवश्यक आहे. वडिलांच्या तेराव्याला माझा फोन फडताळावर होता. दादाने त्यातून ग्रुपच्या सगळ्या ६१२ जणांना माझ्या धंद्याच्या, केनी इलेक्ट्रॉनिक्सच्या, नावाने आपल्या मित्राच्या प्लॉटची जाहिरात पाठवली. विचारल्यावर म्हणाला, “अगं ज्ञानू, एवढी माणसं नुसती जमवून ठेवलीस. काही उपयोग नको?”

“ती वापरायला जमवलेली नाहीत, दादा.”

“मग काय लोणचं घालणार आहेस त्यांचं?”

१४१ जण ग्रुप सोडून गेले. मी प्रत्येकाला वेगळे लिहून माफी मागितली. एकच मजकूर सगळ्यांना पाठवला नाही. त्याला एकोणीस दिवस लागले. ९६ जण परत आले. त्यानंतर तीन वर्षे दादाशी बोलणे नाही. मृत्युपत्राने क्षमा देता येते का, हे मी वकिलांना विचारलेले नाही.

३. धंदा कसा वाढला ते पुढे चालवणाऱ्याला माहीत असावे. मोबाइल स्टार्टर म्हणजे विहिरीवरची मोटर घरबसल्या फोनवरून चालू-बंद करणारी पेटी. सहा वर्षांपूर्वी वटारच्या रिटा लोपीस यांनी बागायतदारांच्या एका ग्रुपवर विचारले होते की मोटर रोज सकाळी आपोआप का बंद पडते. तिघा दुकानदारांनी नवी पेटी घ्या असे सुचवले. मी आतला फोटो मागितला. कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमध्ये, मुंग्यांनी घर केले होते. ब्रशने साफ करा, काही विकत घेऊ नका, एवढेच लिहिले. चार महिन्यांनी रिटाताईंनी अकरा वाडीवाले माझ्याकडे पाठवले. पुढचे सगळे असेच आले. विचारल्याशिवाय विकायचे नाही. ज्याला माझी पेटी लागत नाही त्याला तसे सांगायचे. माणसाने सांगितलेले लक्षात ठेवायचे. चौथा नियम नाही.

त्या सर्वांना मी ‘केनी साहेब’ म्हणून माहीत होते. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तसे म्हटले आणि मी दुरुस्त केले नाही. मोटरवाल्या बाईला लोक मोटर सोडून सगळे विचारतात, हा आधीच्या नोकरीतला अनुभव होता. मी फोन घेत नसे, फक्त टाइप करत असे, तेही ‘फोटो पाहिला. रिले बदलावी.’ असे. त्यातून बाई की पुरुष हे कळत नाही.

४. निळ्या पुठ्ठ्याची वही, सोल्डरिंगचे सामान, मल्टिमीटर, फोन व ग्रुप हे सर्व मनोरच्या काळूराम यांना द्यावे. ते मोटर वाइंडिंग करतात आणि ग्रुपवर माझ्यानंतर सर्वांत जास्त उत्तरे देतात. आम्ही भेटलेलो नाही. वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक पान आहे आणि पानावर दोन ओळी. पहिली ओळ मोटरची, दुसरी माणसाची. उदाहरणार्थ, सॅन्टन: ‘पाच एचपी, बोअर. आईला आता दिसत नाही, तिच्यासाठी रेडिओ दिवसभर चालू.’ काळूराम यांनी उत्तर देण्याआधी दुसरी ओळ वाचावी. माझ्या नावाने मात्र उत्तर देऊ नये. मी गेले आहे असे एका वाक्यात सांगावे आणि ज्याची मोटर बंद असेल त्याच्याकडे वळावे.

५. मी हाताने बनवलेली पहिली पेटी, जी कधी विकली नाही, ती वटारच्या रिटा लोपीस यांना द्यावी.
(हे कलम रद्द. कारण कलम ६ व ७ मध्ये.)

६. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांनी समोर बसून सही करावी लागते. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असा वकिलांचा सल्ला आहे. रविवारी सकाळी मी ग्रुपमधल्या माणसांची यादी उघडली. कोणाच्या घरी कोणाचा गुडघा दुखतो हे मला माहीत होते. माझी इमारत कोणती हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हते. मी शेजारचे दार वाजवले. त्यांनी विचारले, “पार्सल आहे का?” मी नाही म्हटले आणि परत आले.

अकरा वाजता मी ग्रुपवर लिहिले: ‘मी ज्ञानदा केनी. साहेब नाही. गुरुवारी माझे हृदयाचे ऑपरेशन आहे. मृत्युपत्रावर सही करायला दोन माणसे हवी आहेत. मी आचोळ्याला राहते.’ सहा वर्षांत ग्रुपवर मोटर सोडून लिहिलेला हा पहिला मजकूर.

चाळीस मिनिटांनी सॅन्टन: ‘म्हणजे तुम्ही बाई?’ त्यावर काळूराम: ‘अरे, ऑपरेशन आहे ते आधी वाचा.’ काळूराम यायला तयार होते. कलम ४ मुळे मी त्यांना नको म्हटले. तेवढ्यात रिटाताईंचे दोनच शब्द आले: ‘पत्ता पाठव.’ तोपर्यंत त्या मला तुम्ही म्हणत असत.

मी त्यांना वेगळे कळवले की त्यांच्यासाठी पेटी ठेवली आहे. साक्षीदार झाल्या तर ती त्यांना देता येणार नाही. त्यांचा फोन आला. मी तो घेतला.

“ठेव तुझी पेटी. मंगळवारी फुलं बाजारात गेली की येते. ॲन्सेल्मलापण आणते, नवरा आहे पण सही बरी करतो.”

७. आज मंगळवार. रिटाताई आणि ॲन्सेल्म लोपीस केळ्यांची फणी व मोगऱ्याची पुडी घेऊन आले. ॲन्सेल्म दारातच थांबून म्हणाले, “काय गं, सहा वर्षं आम्ही तुला मिशा लावून ठेवल्या होत्या!” मी चहा केला. ॲन्सेल्म यांनी वाटीतून घेतला, मी कुकरच्या डब्यातून. कप रिटाताईंना दिला.

कलम ५ त्यांच्यासमोर रद्द केले असून तेथे आम्हा तिघांच्या सह्या आहेत. या मृत्युपत्राने दोन्ही साक्षीदारांना काहीही मिळत नाही. पहिली पेटी कोणालाही न देता घरातच ठेवली आहे.

८. वहीत माझे पान नव्हते. सह्या करण्याआधी रिटाताईंनी वही मागितली आणि शेवटचे पान भरले. त्या पानावरचे अक्षर माझे नाही, याची काळूराम यांनी नोंद घ्यावी. पहिली ओळ: ‘ज्ञानदा, आचोळे. झडप, गुरुवार.’ दुसरी ओळ: ‘घरात कप एकच. पुढच्या वेळी दोन न्यायचे.’

ते पान फाडू नये.

वरील सर्व मी वाचले आहे. ते माझे आहे.

सही: ज्ञानदा जयवंत केनी

ज्ञानदा केनी हिने आमच्यासमोर सही केली आणि आम्ही तिच्यासमोर.

साक्षीदार १: रिटा ॲन्सेल्म लोपीस, राहणार वटार, वसई
साक्षीदार २: ॲन्सेल्म लोपीस, राहणार वटार, वसई

स्थळ: आचोळे, नालासोपारा पूर्व, जिल्हा पालघर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५