सैल बाही

प्रिय ताई,

पत्र बघून दचकशील. रोज फोनवर बोलणारी बहीण पत्र कशाला लिहिते, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक. आणि तुझा आवाज ऐकला की मी विरघळते, हे दुसरं. या वेळी विरघळायचं नाही असं ठरवून बसले आहे.

दुकान बंद ठेवलंय. पोट शिलाई मशीनला टेकतं आणि मी पाय मारायच्या आधी बाळच पाय मारतं. बाळ मोठं आहे, चार किलोच्या पुढे जाईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. हा अंदाज चुकूही शकतो, हेही म्हणाल्या. वरवरून घेतलेलं माप इकडेतिकडे होतंच, ते मला कुणी शिकवायला नको. दोन वाटा त्यांनी समोर ठेवल्या: औषध देऊन कळा लवकर सुरू करायच्या, नाहीतर दिवस ठरवून सिझर. एकीत बाळाचा खांदा अडकायची थोडी भीती, दुसरीत पोटावर टाके आणि पुढच्या बाळंतपणाची काळजी. दोन्हींत चूक काही नाही, तुम्ही ठरवा, म्हणाल्या. नवरोबांनी लगेच ‘तू म्हणशील तसं’ म्हणून हात वर केले. इतका गुणी नवरा ऐन वेळी काही कामाचा नसतो.

पण माझं ठरलेलंच होतं, कारण तू ठरवलं होतंस. महिनाभर तू माझ्या कानीकपाळी ओरडत होतीस, की सिझर कशाला, माझी पोर काय लहान होती का, कळा सुरू केल्या आणि संध्याकाळपर्यंत हसतखेळत मोकळी झाले. हसतखेळत! हाच शब्द तुझा. मी सगळ्यांना तो ऐकवत फिरले.

मग डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, घरात कुणाच्या बाळंतपणात बाळ अडकलं होतं का? मी ठणकावून नाही म्हटलं. शेजारी आई बसली होती. ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. घरी आलो, तर चपला काढायच्या आधी दारातच रडायला लागली.

सगळं सांगितलं तिनं. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. दोन नर्स तुझे पाय धरून, तिसरी पोटावर दाब देत होती. पोर निळी पडून आली आणि तिचा उजवा हात लुळा पडला होता. आणि आम्हाला सांगितलंस काय, तर पाळण्यातून पडली. आईला शपथ घातलीस. मी तेव्हा परगावी शिवणकाम शिकत होते, मला काय कळणार? ताई, मी दरवर्षी तुझ्या लेकीचे फ्रॉक शिवते. उजवी बाही सैल ठेवते, तिला हात घालता यावा म्हणून खांद्यावर बटणं लावते. दर वेळी तू समोर बसून, पडल्यापासून असंच आहे, म्हणत चहा प्यालीस. मी टेप धरून उभी, आणि तू माझ्या डोळ्यांत बघून थाप मारतेस!

लपवलंस, ते समजू शकते मी. तुलाही सिझर सुचवलं होतं, तू नाही म्हणालीस, आणि मग सासरी तोंड दाखवायची भीती वाटली. पण मला त्याच वाटेनं का ढकलत होतीस? रात्रभर विचार केला तेव्हा कळलं. माझं नीट झालं असतं, तर तुझंही चुकलं नव्हतं असं तुला स्वतःला सांगता आलं असतं. त्यासाठी माझं बाळ पणाला लावलंस. हे मला झेपत नाही.

काल डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बहिणीचं झालं म्हणून तुमचं होईलच असं नाही. आणि तिनं तेव्हा ठरवलं त्यात वेडेपणा नव्हता, पुष्कळ जणी तेच ठरवतात आणि बहुतेकींचं सुखरूप होतं. ऐकतेयस ना? तेव्हा तुझं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं ते त्यानंतर.

सोमवारी सकाळी सिझर आहे. कळांची वाट कदाचित तितकीच चांगली असेल, पण ती माझी राहिली नाही. दवाखान्यात येऊ नकोस, आई आहे. मात्र एवढं सांगायला पत्र लिहिलं नसतं. काल दुपारी तुझी लेक आली होती. माझ्या पोटाला तोंड लावून बाळाला बजावत होती, की पाळण्यात शहाण्यासारखं पडून राहा, माझ्यासारखा दंगा केलास तर हात जाईल आणि आई रडेल. सात वर्षांची पोर, ताई, आणि तिला वाटतं की हे तिनं केलं. मला फसवलंस, ते मी कधीतरी गिळेन. पण हे वाचून झालं की तिला जवळ घे आणि सांग, की ती कधी पडलीच नव्हती.

अजून तरी तुझीच,
बुटकी