अकरा वीसची बस आणि भाड्याची लाल गाडी

बार्रा, बुधवार, सकाळचे दहा चाळीस
(बसच्या शेवटच्या थांब्यासमोर, गाडीत बसून)

प्रिय इर्माताई,

धाकट्या मिल्टनचा वाकून नमस्कार. ग्लॅडिसचाही कळवला असता, पण ती सध्या माझ्याशी बोलत नाही, तेव्हा तिचा तू धरून चाल. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस, की शेजारीण करते तो खिडकीतून बघतेस? मोंतेविदेओत उकाडा कमी झाला का? माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त उजवा पाय स्वस्थ बसत नाही, सारखा काहीतरी दाबायला शोधतो. निवृत्त झालो डिसेंबरात, पण ते पायाला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

पत्र घाईत लिहितोय. कारण असं की, अकरा वीसला इथून बस सुटते आणि ग्लॅडिस तिच्यात बसणार आहे. आत्ता ती समोर समुद्राच्या कठड्यावर माझ्याकडे पाठ करून बसली आहे. तिनं सकाळीच निरोप देऊन ठेवलाय, की परतीला मी तिच्या शेजारी बसलो तर ठीक, नाहीतर शनिवारी ती एकटी घरी जाईल, आणि घरी म्हणजे आमच्या घरी नव्हे, तुझ्याकडे. (तुझ्याकडे पलंग एकच आहे हे मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, इर्मा सरकून घेईल.) तेव्हा ती तुझ्या दारात उभी राहायच्या आत माझी बाजू तुझ्या कानावर घालणं मला भाग आहे.

सगळं सुरू झालं शुक्रवारी, आम्ही परदेशातल्या या बेटावर उतरलो तेव्हा. ग्लॅडिसनं घरूनच ठरवलं होतं की सुट्टीत गाडी नको, बसनं हिंडायचं. तिचं म्हणणं, चौतीस वर्षं मी बस चालवली आणि ती माझ्या बसमध्ये बसली ती कायम माझ्या पाठीमागे. माझे मानेवरचे केस पिकले ते मला कळायच्या आधी तिला कळलं. आता एकदा तरी दोघांनी शेजारी बसायचं, चालवणारा दुसरा कुणी असेल, आणि खिडकीतून समुद्र बघायचा. (इकडे येतानाच्या अठरा तासांच्या प्रवासात हे झालं असतं, पण मी पूर्ण वेळ ड्रायव्हरजवळच्या पायरीवर होतो. तो बिचारा एकटा पडला असता. ग्लॅडिसच्या शेजारी माझा कोट बसला होता.)

मी कबूल झालो, ताई, देवाशप्पथ. शुक्रवारी इथल्या बसमध्ये चढलोही. तर या लोकांनी दारात फिरता अडसर बसवलाय, त्यातून एकेकानं पोट आत घेऊन जायचं. मी बॅगेसकट अडकलो. कंडक्टरनं मला मागून ढकललं आणि ग्लॅडिसनं पुढून ओढलं. तेही सहन केलं. पण तो ड्रायव्हर! चढावर चौथ्या गियरमध्ये! इंजिन रडत होतं ताई, लहान मुलासारखं. मी नुसता पुढे जाऊन, अगदी अदबीनं, एका धंद्यातला माणूस दुसऱ्याला सांगतो तसं सांगितलं. मग वळणावर सांगितलं. मग उतारावर. चौथ्यांदा सांगितल्यावर त्यानं बस बाजूला घेतली, दार उघडलं आणि म्हणाला, "काका, तुमचा स्टॉप आला." तिथे स्टॉप नव्हता. तिथे एक गाय होती.

तर सांगायचा मुद्दा, शनिवारी सकाळी भाड्याची गाडी घेणं हा हट्ट नव्हता, नाइलाज होता. गाडी छान आहे, लाल, काडेपेटीएवढी. ग्लॅडिस शेजारी बसली, थर्मास मांडीवर घेतला आणि मला मातेचा कडू चहा भरून देऊ लागली. मी म्हटलं, बघ, बसलो की नाही शेजारी? त्यावर ती म्हणाली, "शेजारी मी बसलेय. तू रस्त्यावर आहेस." मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही, कारण तेवढ्यात पाऊस आला आणि समोर बसथांबा आला.

आता तूच सांग. थांब्यावर भिजलेली म्हातारी उभी, तिचा हात वर. चौतीस वर्षं हात दिसला की माझा पाय ब्रेकवर जातो, त्यात माझ्या डोक्याला कुणी विचारत नाही. गाडी थांबली. म्हातारीला वाटलं मी तिच्यासाठीच थांबलो. तिनं दार उघडलं, सोललेल्या कोळंबीचं घमेलं ग्लॅडिसच्या मांडीवर ठेवलं आणि मागे बसत म्हणाली, "चल रे बाबा, पुलापाशी सोड. आणि दमानं घे, कोळंबी सांडेल." तिच्यामागून एक रंगारी चढला, त्याची शिडी एका खिडकीतून आत आली आणि दुसरीतून बाहेर गेली. आणि मी, काय सांगू, तोंडातून आपोआप गेलं, "मागे सरका, मागे जागा आहे." गाडीत मागे काहीही नव्हतं. तरी ते सरकले! मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

म्हातारीचं नाव झुल्मिराआजी. बाई मोठी बोलकी. रविवारी ती त्याच थांब्यावर होती आणि सोबत पाच जण होते. सोमवारी नऊ. (एका वेळी मावेनात, म्हणून दोन खेपा केल्या.) सरकारी बस तिथे दीड तासानं एक येते, ताई. लोकांनी करायचं काय? मी आपला वेळेवर जायचो आणि वेळेवर यायचो. मंगळवारी ग्लॅडिसनं ऊन लागतं म्हणून समोरची झडप खाली केली, तर तिच्या मांडीवर माझा कागद पडला: निघणे नऊ दहा, पूल नऊ पंचवीस, चर्च नऊ चौतीस. तिनं तो दोनदा वाचला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "मिल्टन, आपण सुट्टीवर आलोय की तू ड्यूटीवर आलायस?"

मी म्हणालो, फक्त सकाळची पाळी.

हे बोलायला नको होतं, हे आता कळतंय. त्यानंतर ती बोललेली नाही. आज सकाळी तिनं गवती टोपी घातली, आरशावर लिपस्टिकनं तो निरोप लिहिला (तुझ्या पलंगाबद्दल मी विचारलं तेव्हाही उत्तर तिनं तिथेच लिहिलं) आणि चालत थांब्यावर गेली. बस आली, ती चढली. अडसरातून ती कशी सुळकन गेली, बघायला हवं होतंस! मी गाडी काढली आणि बसच्या मागे लागलो. बस थांबली की मी थांबायचो. काचेतून तिची टोपी दिसत होती. मी हॉर्न दिला, तिनं वळून पाहिलं नाही. ती कंडक्टरशी हसत होती. मी आणखी दोनदा हॉर्न दिला, ताई. या वयात माणसाला असं काही होतं हे मला माहीत नव्हतं. तिचेही मानेवरचे केस पिकले आहेत. मी आजवर पाहिले नव्हते.

आत्ता मधेच लिहिणं थांबवावं लागलं, बसचा ड्रायव्हर काचेवर टकटक करत आला होता. आदिल्सन नाव त्याचं, तिशीतला असेल. (शुक्रवारचा नव्हे. हा चढावर दुसऱ्या गियरला जातो, मी मागून ऐकलं.) हातात कॉफीचे दोन कप. एक मला देऊन विचारतो, "काका, रस्ता चुकलात का? सारखे मागे मागे येताय." मी म्हटलं, मीही ड्रायव्हर आहे, आणि ती टोपीवाली माझी बायको. तो हसला नाही. म्हणाला, "मग काय ते एकदा मिटवा बुवा. बस गच्च भरलेली, माणसं उभी, आणि बाईंनी शेजारच्या सीटवर पर्स ठेवलेली. आमचा कंडक्टर तीनदा म्हणाला पर्स उचला. तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, इथे माणूस यायचाय."

अकरा दहा झाले. मी गाडीतून उतरून पाहिलं आणि पुन्हा बसलो. दुसऱ्यानं चालवायचं आणि आपण हात मांडीवर ठेवून बसायचं, म्हणजे ते हात ठेवायचे कसे? उपडे? आणि आदिल्सननं जर तीव्र वळणावर क्लच दाबला तर मी गप्प कसा राहू? शिवाय ही गाडी थांब्यावर उभी करून जाणं नियमात बसत नाही. थांब्यावर गाडी लावणाऱ्यांना आयुष्यभर मी शिव्या घातल्या आहेत. एकूण विचार करता, परदेशात सुट्टीला जाणाऱ्यानं गाडी घ्यावी की बस पकडावी या प्रश्नावर माझं ठाम मत असं आहे, की गाडीच बरी. माणूस स्वतःचा मालक राहतो. ग्लॅडिस तुझ्याकडे आली तर तिला हे नीट समजावून सांग.

अकरा पंधरा. ती कठड्यावरून उठली. अजून मागे पाहत नाही.

पुरे करतो. आदिल्सननं इंजिन चालू केलं.

तुझा धाकटा,
मिल्टन

ता. क. संध्याकाळ. गाडी थांब्यावरच सोडली, किल्ली आत. (तिथेच भेटलेल्या झुल्मिराआजीनं लक्ष ठेवते म्हणून सांगितलंय. म्हणजे ती बहुधा आता आत बसून कोळंबी सोलत असेल.) अकरा एकोणीसला चढलो. ग्लॅडिसनं पर्स उचलली, एवढंच केलं. मी पहिल्या वळणावर ब्रेक दाबला, तिनं तिचा पाय माझ्या पायावर ठेवला आणि तिथेच राहू दिला. समुद्र उजव्या हाताला आहे, ताई. चार दिवस मी त्याच्या कडेनं जात-येत होतो. पूल यायच्या आत ती माझ्या खांद्यावर झोपली. हाताला मुंग्या आल्या, तरी हलवला नाही. शेवटच्या थांब्यावर आदिल्सन म्हणाला, "काका, उतरा, बस रिकामी करायची असते." चौतीस वर्षं हे वाक्य मी लोकांना ऐकवलं. मी त्याला खुणेनं सांगितलं, बाबा रे, आणखी एक फेरी मार.

ता. क. दुसरा. आता खरं काम. ग्लॅडिसला माहीत नाही, पण निघायच्या आदल्या दिवशी मी सहलीच्या गाड्यांवाल्या बेतांकोरकडे जाऊन सही करून आलो आहे. एक मार्चपासून, आठवड्याचे सहा दिवस, लांब पल्ला. पत्र मिळताच त्याच्याकडे जा आणि माझा नकार कळव. गुडघा दुखत असेल तर टॅक्सी कर, पण तूच जा आणि एक तारखेच्या आत जा. तो नवीन गाडी दाखवेल, स्वयंचलित दारांची, निळी. तू बघू नकोस. मी परत आल्यावर स्वतःच सांगेन असं मनात आलं होतं, पण मी गेलो तर हो म्हणून येईन.